यहेज्केलच्या हाडांत १९४८ सापडत नाही

दर मे महिन्यात आमच्या मंडळीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतो. वर वाळवंटातल्या हाडांचं चित्र, खाली आकडेमोड, शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. म्हणणं असं की बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याने अडीच हजार वर्षांपूर्वी इस्राएलच्या पुनर्स्थापनेचं साल, १९४८, हिशेबासकट लिहून ठेवलं. त्याच्या पुस्तकाच्या सदतिसाव्या अध्यायातली सुकी हाडं म्हणजे नाझींच्या छळछावण्यांतले यहूदी. राष्ट्र ‘एका दिवसात’ जन्मेल हे यशया संदेष्ट्यानेही सांगितलं होतं. आणि आपल्या कोकणातले यहूदी, बेने इस्राएलसुद्धा तिकडे गेले, आणखी काय पुरावा हवा? परवा उपासनेनंतर चहा घेताना एका काकांनी हे सगळं मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. तिथे वाद घातला नाही. इथे घालतो.

आधी आकडे. चौथ्या अध्यायात यहेज्केलला ३९० दिवस डाव्या कुशीवर आणि ४० दिवस उजव्या कुशीवर निजायला सांगितलं आहे, एका वर्षाला एक दिवस. झाले ४३०. त्यातून बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासाची ७० वर्षं वजा करायची, उरली ३६०. त्यांना लेवीय या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातल्या ‘सातपट’ने गुणायचं, झाली २५२०. मग ही वर्षं ३६० दिवसांची आहेत असं जाहीर करायचं, म्हणजे ९,०७,२०० दिवस. ते आपल्या वर्षांत बसवून इसवी सनपूर्व ५३६ पासून मोजायचे, की आलंच १९४८.

मी कागद घेऊन बसलो. इतक्या दिवसांची २४८३ वर्षं आणि जवळजवळ दहा महिने होतात. ५३६च्या वसंतापासून मोजलं तर १९४८चा मे नाही, १९४९चा जानेवारी येतो. मे हवाच असेल तर ५३७च्या जुलैपासून सुरुवात करावी लागते. आणि ५३६ तरी कुठून आलं? कोरेशाने (पर्शियाचा राजा सायरस) बाबेल घेतलं ५३९ मध्ये, परतीचं फर्मान ५३८चं धरतात. उत्तर आधी ठरलेलं होतं, सुरुवात मागून शोधली.

मधल्या पायऱ्याही तशाच. ७० वर्षं यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याची, कुशीवरच्या हिशेबातून ती वजा करा असं यहेज्केल कुठेच म्हणत नाही. लेवीयातलं ‘सातपट’ शिक्षा किती कडक होईल ते सांगतं. पीक जाईल, श्वापदं येतील, मग तलवार, मग दुष्काळ. तो वर्षांचा पाढा नव्हे. ३६० दिवसांच्या वर्षाबद्दल तर मराठी माणसाला फार सांगायला नको. यहूदी पंचांगही आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे. वल्हांडण (पासओव्हर) हा सण वसंतातच यावा म्हणून तेही अधिक महिना घालतात. ३६० दिवसांची वर्षं अडीच हजार वेळा चालवा आणि सण कुठच्या कुठे जातात ते बघा. त्यात जुन्या ग्रीक अनुवादात ३९०च्या जागी १९० हा आकडा आहे, म्हणजे पहिली वीटच सैल. आणि याच २५२० वरून, ३६० दिवसांची भानगड न करता आणि इसवी सनपूर्व ६०७ पासून मोजून, दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाने १९१४ हे साल काढलेलं आहे. दोघांनाही पूर्ण खात्री.

आता हाडं. इथे मेसेजचं म्हणणं खोडायला तज्ज्ञ लागत नाही, अकरावं वचन वाचलं की पुरे. ही हाडं म्हणजे इस्राएलाचं सारं घराणं, असं तिथेच सांगितलंय. आणि ते घराणं बोलतंय: आमची हाडं वाळली, आमची आशा गेली, आम्ही पार तुटलो. बोलणारी माणसं जिवंत आहेत. इसवी सनपूर्व ५९७ साली यहूदाच्या यहोयाखीन राजाबरोबर बाबेलला पकडून नेलेली, तिथल्या निप्पूर शहराजवळ खबार नदीच्या काठी बसवलेली, आणि दहाएक वर्षांनी यरुशलेम जळाल्याची बातमी तिथेच ऐकलेली. स्वतः यहेज्केल त्यांच्यातलाच एक, मंदिर नसलेला याजक. आपणही ‘हाडांची काडं झाली’ म्हणतो, तेव्हा कोणी सांगाडा मोजायला येत नाही. छळछावण्यांत मेलेल्यांना एखाद्या वेळापत्रकातला टप्पा करून टाकणं मला तर सहनच होत नाही.

गंमत म्हणजे यहूदी परंपरेत या अध्यायावर फार जुना वाद आहे. तालमुद या यहूदी धर्मग्रंथाच्या सन्हेद्रिन भागात एक रब्बी म्हणतात, मेलेले खरोखर उठले, उभे राहून गीत गायले आणि पुन्हा मेले. दुसरे म्हणतात, छे, तो दृष्टान्त होता. तिसरे म्हणतात, ते उठून इस्राएलात गेले, लग्नं केली, मुलंबाळं झाली. तेवढ्यात यहूदा बेन बतेरा उभे राहतात: मी त्यांचाच वंशज, आणि ही तेफिलीन माझ्या आजोबांनी त्यांच्याकडून आलेली म्हणून मला दिली! (तेफिलीन म्हणजे प्रार्थनेच्या वेळी कपाळावर आणि दंडावर बांधायच्या, आत वचनं ठेवलेल्या चामड्याच्या डब्या.) सीरियातल्या दुरा-युरोपोसच्या सभास्थानात तिसऱ्या शतकात हाच देखावा भिंतीवर रंगवला गेला. आजच्या इस्राएलच्या राष्ट्रगीतातली ‘आमची आशा अजून गेलेली नाही’ ही ओळ याच अकराव्या वचनाला दिलेलं उत्तर आहे. लोक हा अध्याय आपापल्या काळात आपला मानत आले, १९४८च्या लोकांनीही मानला. त्यावर माझा काहीच आक्षेप नाही. पण आपलं मानणं वेगळं आणि तारीख आधीच छापून ठेवली होती म्हणणं वेगळं.

मेसेजमधून जे गळतं तेच या भागाचं काळीज आहे. पहिल्या चौदा वचनांत ‘रूआख’ हा हिब्रू शब्द दहा वेळा येतो. मराठीत तो एका ठिकाणी आत्मा होतो, एका ठिकाणी श्वास, एका ठिकाणी वारा, त्यामुळे शब्द एकच आहे हे वाचताना कळत नाही. आठव्या वचनात हाडाला हाड जुळलेलं आहे, स्नायू आले, मांस आलं, कातडी चढली, आणि पुढे सरळ म्हटलंय की रूआख नव्हता. अख्खं शरीर तयार आणि तरी प्रेतच. त्याआधीच्या अध्यायातही क्रम असाच: आधी देशात आणणं, मग शुद्ध पाणी शिंपडणं, मग दगडाचं हृदय काढून मांसाचं देणं, मग आत रूआख घालणं. मेसेज ३६व्या अध्यायाचं २४वं वचन देतो आणि तिथेच थांबतो. पुढचं पाणी, हृदय, आत्मा, सगळं गायब.

यशयाचं एका दिवसात जन्मलेलं राष्ट्र थोडक्यात उरकतो. ६६व्या अध्यायात आश्चर्य असं आहे की सीयोन (यरुशलेम) कळा येण्याआधीच बाळंत झाली. १४ मे १९४८च्या आधी नोव्हेंबरपासून तिथे लढाई चालू होती, आणि त्याही आधी पन्नास वर्षांचं राजकारण. कळा भरपूर होत्या.

राहिले आपले बेने इस्राएल, ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे. ते मोठ्या संख्येने गेले हे खरं. पण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यातल्या काहींनी आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून धरणं धरलं आणि ते परत आले, हेही खरं. जे राहिले त्यांना १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी वंशाची चौकशी लावली. १९६४ मध्ये यरुशलेममध्ये आंदोलन झालं, संसदेने ते पूर्ण यहूदी असल्याचं ठणकावून सांगितलं, तेव्हा कुठे ते मिटलं. भविष्यवाणीचा पुरावा म्हणून ज्यांची नावं आपण फॉरवर्ड करतो, त्यांना हक्कासाठी रस्त्यावर बसावं लागलं होतं.

आणि यहेज्केलच्या पुस्तकात देश परत मिळाल्यावर जमिनीची वाटणी कशी करायची तेही आहे. ४७व्या अध्यायाच्या शेवटी. तुमच्यात राहणारे, तिथे मुलंबाळं झालेले परके लोक स्वदेशीयांसारखेच धरा, ज्या वंशात परका राहत असेल त्याच वंशात त्याला वतन द्या. हे वचन एकाही मेसेजमध्ये मी अजून पाहिलेलं नाही. येत्या रविवारी चहाच्या वेळी काकांपुढे तेवढं पान उघडून ठेवणार आहे.