‘दोन शिक्षक पुरेत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कंपनी भेटीला मुलं नेण्याबद्दलच्या लेखावर तुम्ही सडेतोड लिहिलंत, त्यामुळे उत्तरही लांबलं आहे. थेट इथे आलेल्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ४८ मुलांमागे पाच मोठी माणसं मागणं म्हणजे सहलीची छावणी करणं. गेटच्या आत जबाबदारी कंपनीची, तिथे गाइड असतो, सेफ्टीवाले असतात, मग शिक्षकाने सारखी डोकी कशाला मोजायची? चौदा-पंधरा वर्षांची मुलं बालवाडीतली नाहीत. संमतीपत्रात नको तितकी खासगी माहिती मागितली आहे. आणि लेखात दिलेली वीस प्रश्नांची पत्रिका भरता भरता मुलांचं पाहायचंच राहून जातं.

पत्रिकेबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, त्याकडे खाली येतो. बाकीच्यावर वाद घालणार आहे.

आधी गेट. कंपनीचा गाइड यंत्र ओळखतो, मूल ओळखत नाही. कोणाला दमा आहे, कोणाला उंचीवरच्या जाळीच्या जिन्यावर पाय टाकायची भीती वाटते, कोणती दोघं एकत्र आली की तिसऱ्याला ढकलतात, हे त्याला माहीत नसतं. ते माहीत असणारा माणूस म्हणून शिक्षक आत जातो. गेटवर मुलं ‘ताब्यात दिली’ असं होत नाही. तिथे फक्त धोके वाढतात आणि तुमच्या हातातली साधनं कमी होतात. हे शब्दशः घ्या. बऱ्याच ठिकाणी दप्तरं आणि फोन गेटवर किंवा बसमध्येच ठेवायला लावतात. रंगकाम किंवा सॉल्व्हंटच्या (रंग वगैरे विरघळवणाऱ्या, पेट घेणाऱ्या द्रवांच्या) विभागात ठिणगीच्या धोक्यामुळे फोन चालतच नाही. म्हणजे चार गट चार दिशांना गेल्यावर शिक्षकांना एकमेकांना फोन करता येत नाही. आणि दम्याचा पंप? तो दप्तरात, दप्तर बसमध्ये, आणि बस ड्रायव्हरने मुलांना उतरवून लांबच्या पार्किंगला नेलेली. त्या पिठाच्या किंवा लाकडाच्या धुळीत मुलाला धाप लागते तेव्हा पंप अर्ध्या तासाच्या अंतरावर असतो. म्हणून पंप, साखर उतरली तर चघळायच्या ग्लुकोजच्या गोळ्या, ॲलर्जीचं इंजेक्शन या तीन गोष्टी मुलाच्या खिशात किंवा त्याच्या गटाच्या शिक्षकाच्या कमरेच्या पाउचमध्ये हव्यात, आणि त्या आत नेण्याची परवानगी आदल्या आठवड्यात लेखी घेतलेली हवी. गेटवरच्या सिक्युरिटीशी ऐनवेळी हुज्जत घालून ते होत नाही.

आता दोन शिक्षकांचा हिशोब. शॉप फ्लोअरवर, म्हणजे यंत्रं चालतात त्या हॉलमध्ये, एका गाइडमागे दहा-बारा मुलं, यापुढे आवाज पोचत नाही. ४८ मुलं म्हणजे १२-१२ चे चार गट, चार वेगवेगळ्या ठिकाणी. दोन शिक्षक असले तर पहिल्या मिनिटापासूनच दोन गटांसोबत ओळखीचं कोणी नाही. त्यात एका मुलाला चक्कर आली. ही भेटीतली सगळ्यात नेहमीची घटना आहे, कारण मुलं पहाटे उपाशी निघालेली असतात, हॉल गरम असतो आणि एकाच जागी ताठ उभं राहिल्याने रक्त पायांत साठतं. त्याला आडवं करून पाय थोडे उंच करायचे, मोकळी हवा द्यायची, सोबत एक जण थांबायचा. झालं, उरल्या ४७ मुलांना एक शिक्षक. पाचवा माणूस मागितला तो या वेळेसाठी. त्याच्याकडे कोणताही गट नसतो. तो रिकामा दिसतो, आणि रिकामा असणं हेच त्याचं काम असतं. मुख्याध्यापकांना हे पटवणं अवघड जातं, याची कल्पना आहे.

डोकी मोजण्याबद्दल तुम्ही जरा चेष्टेने लिहिलंत, पण मोजणी फसते कशी ते पाहा. ‘सगळे आले का?’ असं बसमध्ये ओरडून विचारलं की ‘होऽ’ असं उत्तर येतंच. जो आलेला नाही तो ‘नाही’ म्हणायला तिथे नसतो. क्रमांक म्हणायला लावले तर मित्र मित्राचा क्रमांक म्हणून टाकतो. बसलेली मुलं मोजली तर सीटवर आडवा झालेला एक दिसत नाही आणि जागा बदलणारा दोनदा मोजला जातो. त्यामुळे मोजायचं ते दारात, मुलं एकेक करून पुढे सरकताना, दोघांनी वेगवेगळं, आणि दोघांचं मोजून झाल्याशिवाय कोणी आकडा मोठ्याने बोलायचा नाही. एकाने ‘४८’ म्हटलं की दुसऱ्याचेही ४८च भरतात. बस हलवायला सांगणारा माणूस एकच, आणि ड्रायव्हरला तो चेहरा दाखवून ठेवायचा. दिवसभरात हे सहा वेळा होतं: निघताना, गेटवर, हेल्मेट-बूट घातल्यावर, स्वच्छतागृहानंतर, गेटबाहेर, बसमध्ये. प्रत्येक वेळी दोन मिनिटं.

आणि यादी. छापील, कागदावरची, त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची नावं खोडलेली. सायरन वाजला तर असेंब्ली पॉइंटवर (सगळ्यांनी बाहेर जमायच्या ठरलेल्या जागी) कंपनी गेटवर दिलेल्या यादीवरून माणसं मोजते. तुम्ही ४८ ची यादी दिली आणि दोन मुलं घरीच राहिली होती, तर आत नसलेल्या दोघांना शोधायला सुटकेचं पथक धुरात शिरतं.

‘जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांच्या आत चालायचं एवढं सांगितलं की झालं’ असंही तुम्ही म्हणता. नाही होत. फोर्कलिफ्टचंच, म्हणजे पुढच्या दोन दांड्यांवर माल उचलून नेणाऱ्या गाडीचंच घ्या. मोटारीची पुढची चाकं वळतात, फोर्कलिफ्टची मागची. त्यामुळे ती उजवीकडे वळायला लागली की तिचं बूड डावीकडे बाहेर फेकलं जातं, आणि त्या बुडातच भार तोलायला ठेवलेलं जड वजन असतं. मुलाला वाटतं, गाडी पलीकडे वळली, आपण सुटलो. तेवढ्यात मागचं टोक पिवळी पट्टी ओलांडून त्याच्या बाजूला येतं. पुढे उंच माल असला तर ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही, म्हणून तो गाडी उलटी चालवतो. सांगायची ती ओळ अशी: फोर्कलिफ्ट दिसली की थांबा, भिंतीकडे सरका, ड्रायव्हरशी नजरानजर होऊन त्याने हात केल्याशिवाय पाऊल टाकू नका. हे बसमध्ये सांगा आणि गेटच्या आत पुन्हा सांगा. हॉलमध्ये ऐकूच जाणार नाही.

ऐकू न जाण्यावरून आठवलं, इअरप्लग. फोमचे प्लग मुलं नुसते कानात टेकवतात आणि वर ‘काही फरक पडत नाही’ म्हणतात. तो बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. ८५ डेसिबलच्या आसपासच्या हॉलमध्ये हाताच्या अंतरावरच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं, म्हणून समजावणं सगळं दाराबाहेर, आत फक्त हातवारे.

वेल्डिंगच्या ठिणग्या मुलांना फार आवडतात. पडद्याच्या फटीतून डोकावलेलं त्या वेळी काही वाटत नाही. सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. मुक्कामी सहल असेल तर हे रात्री खोलीत उघड होतं, आणि सकाळच्या भेटीचा संबंध कोणी लावत नाही. पिवळ्या पाटीवरच्या लाल बटणाबद्दलही आधीच सांगून ठेवावं. ते दाबलं की यंत्र बंद पडतं, पण बटण सोडवलं म्हणून काम आपोआप सुरू होत नाही. प्लॅस्टिक ओतणाऱ्या यंत्रात तेवढ्यात गरम माल जळून वाया जाऊ शकतो. मात्र ‘कोणी अडकलं तर हेच दाबायचं’ हेही त्याच दमात सांगा. नुसती भीती घातली तर खरी वेळ आल्यावर कोणी हात लावणार नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र मूळ लेख खरंच कमी पडला. कंपनीने ९० मिनिटं दिली म्हणजे पाहायला ९० मिनिटं मिळत नाहीत. एका टेबलावर हेल्मेट, गॉगल, बूट वाटायला प्रत्येकी २० सेकंद धरली तरी ४८ जणांची १६ मिनिटं गेली. चार स्वच्छतागृहं आणि प्रत्येकी दोन मिनिटं, की २४ मिनिटं. उरली ५०. म्हणून बुटांची मापं नावांसकट आधी पाठवायची आणि स्वच्छतागृहाचा थांबा कंपनीत पोचण्याआधी वाटेतच घ्यायचा. शिफ्ट बदलायची वेळ टाळायची, नाहीतर मुलं गेटवरच्या गर्दीत सापडतात आणि आत यंत्रं बंद दिसतात. गट वेगवेगळ्या टोकांपासून सुरू करावेत. अरुंद वाटेवर दोन गट आमनेसामने आले की एखादं मूल मित्राच्या मागे दुसऱ्या गटात जातंच. हेल्मेटवर गटागटाच्या रंगाची चिकटपट्टी लावली तर ते लगेच दिसतं.

आता पत्रिका. ‘कंपनीची स्थापना कधी झाली, कामगार किती’ असले प्रश्न मुलं माहितीपत्रकातून उतरवतात, तीही एकमेकांची बघून, आणि चालता चालता खाली मान घालून. ते धोक्याचंही आहे. वीस प्रश्न काढून टाकले. त्याऐवजी एकच काम: लाइनवरच्या शेजारशेजारच्या दोन यंत्रांतून मिनिटाला किती नग बाहेर पडतात ते घड्याळ लावून मोजायचं. समजा पहिल्यातून १२ येतात आणि दुसरं ९ च घेतं. दर मिनिटाला तीन नग मध्ये साठणार, तासाला १८०. मग मुलाला तो ढीग दिसतो, जो आधी नुसता पसारा वाटत होता. ‘मग दुसरं यंत्र का घेत नाही?’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि पाठ केलेलं भाषण देणारा गाइड तिथे पहिल्यांदा मनापासून बोलायला लागतो. प्रश्न लिहायचे ते बाहेर आल्यावर, बसून.

मुलांवर जबाबदारी टाका, या तुमच्या सूचनेला हरकत नाही. वेळ पाहणं, गटाच्या शेपटीला चालणं, गाइडचा आवाज पोचत नसेल तर हात वर करणं ही कामं मुलं चोख करतात. मोजणी मात्र त्यांच्याकडे नको, कारण मित्र गायब असला तर मूल आधी त्याला झाकतं. जोड्या लावण्याबद्दल मूळ लेखात होतं, त्यातही दुरुस्ती हवी: जोडी मिळून भटकली तर तक्रार करायला कोणी उरत नाही. तिघांचा चमू जास्त टिकतो.

प्रतिक्रियेत नसलेली एक गोष्ट बोलून घेतो. भेटीत सगळ्यात जास्त आवरावं लागतं ते कधी कधी शिक्षकालाच. यंत्रावर माणूस काम करतोय, आपल्यापासून दोन हातांच्या अंतरावर, आणि आपण मुलांना सांगतो, ‘अभ्यास केला नाही तर इथे उभं राहावं लागेल.’ त्या माणसाला ते ऐकू जातं. फोटोही त्याला विचारल्याशिवाय नाहीत, आणि त्याच्या पाठीशी गर्दी करून उभं राहायचं नाही. दचकला तर हात त्याचा जातो. आणि मुलं आत असताना शिक्षकांनी साहेबांच्या केबिनमध्ये पाहुणचाराला बसू नये.

राहिलं संमतीपत्र. खासगी माहिती सगळ्यांना वाटायची नाही, हे तुमचं बरोबर. पण विचारावी लागते. फिट येतात का, कारण त्यांतल्या काहींना लुकलुकणारा प्रकाश चालत नाही. शरीरात बसवलेलं एखादं उपकरण आहे का, कारण इंडक्शन भट्टीजवळचं (ती विजेने तयार केलेल्या चुंबकीय क्षेत्राने धातू तापवते) चुंबकीय क्षेत्र त्याला बाधू शकतं. गेल्या ४८ तासांत उलट्या-जुलाब झालेत का, कारण खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मग आत घेत नाहीत. हा प्रश्न अर्थात फॉर्मवर नाही, निघायच्या सकाळी विचारायचा. फॉर्म बंद पाकिटात एकाच शिक्षकाकडे ठेवावेत. गटाच्या शिक्षकाला त्याच्या बारा जणांपैकी कोणाबाबत काय करायचं एवढंच एका चिठ्ठीवर लिहून द्यावं, आजाराचं नाव न घालता: ‘क्रमांक ७, भट्टीच्या विभागात न्यायचं नाही, सोबत पाचवे शिक्षक थांबतील.’