कॉन्करवर सरकारनं बंदी घातलीच नव्हती

ऑक्टोबर उजाडला की ब्रिटनमधल्या जुन्या बालपणाची हळहळ व्यक्त करणारा एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा विषय कॉन्कर, म्हणजे नाडीत ओवलेल्या बियांनी खेळायचा खेळ. गाभा असा: ‘ब्रिटनच्या खेड्यापाड्यांतली मुलं हजार वर्षं कॉन्कर खेळत होती. मग सरकारच्या सुरक्षा खात्यानं त्यावर बंदी घातली, गॉगल सक्तीचे केले आणि खेळ संपला.’ याच मजकुराच्या काही आवृत्त्यांत मुलांनी वेचलेल्या कॉन्करमुळे ब्रिटननं पहिलं महायुद्ध जिंकलं असं असतं, बी व्हिनेगरमध्ये बुडवून भट्टीत भाजली की अजिंक्य होते असंही असतं. त्यामागची माया खरी आहे. माहिती मात्र जवळपास सगळी चुकीची आहे, आणि तिच्यामुळे खऱ्या दुखण्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉन्कर म्हणजे हॉर्स चेस्टनट या झाडाची बी. सागरगोट्यापेक्षा मोठी, गडद तपकिरी, नुकतं पॉलिश केलेल्या शिसवीसारखी चकचकीत. तिला आरपार भोक पाडायचं, बुटाची नाडी ओवायची, खाली गाठ मारायची. एकानं आपली बी नाडीवर स्थिर लोंबकळत धरायची, दुसऱ्यानं आपल्या बीनं तिच्यावर फटका मारायचा. फुटेल तो हरला.

आता ‘हजार वर्षं’. हॉर्स चेस्टनट हे ब्रिटनचं झाडच नाही. ते बाल्कनच्या डोंगरांतलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते ब्रिटनमध्ये पोचलं, तेही शोभेचं झाड म्हणून. लंडनजवळच्या बुशी पार्कमधली वास्तुरचनाकार क्रिस्टोफर रेन यांनी आखलेली प्रसिद्ध दुतर्फा रांग १६९९ची. गावाच्या हिरवळीवर, चर्चच्या आवारात ही झाडं त्यानंतर रुजत गेली. या बियांनी खेळल्याची सर्वांत जुनी नोंद १८४८ सालची, आइल ऑफ वाइट बेटावरची. म्हणजे खेळाचं वय पावणेदोनशे वर्षांच्या आसपास. त्याआधी मुलं गोगलगाईच्या रिकाम्या शंखांनी असाच खेळ खेळत. कवी रॉबर्ट साउदी यांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत तो लिहून ठेवला आहे: दोन शंख टोकाला टोक लावून दाबायचे, एक पिचेपर्यंत. जिंकलेल्या शंखानं किती शंख फोडले याचा हिशेब ठेवायचा. कॉन्करची गुणपद्धत थेट तिथून आली आहे.

ती गुणपद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण खेळाची सगळी गोडी तिच्यात आहे. नवी कोरी बी शून्याची. तिनं दुसरी कोरी बी फोडली की ती एकाची. पण हरलेल्या बीच्या खात्यावर आधीचे विजय असतील तर तेही जिंकणाऱ्याला मिळतात. पाचाच्या बीनं सहाची बी फोडली तर पाच अधिक सहा अधिक हा नवा एक, मिळून बाराची झाली. त्यामुळे महिनाभर टिकलेली बी शाळेत नावाजली जायची. नाड्या एकमेकींत गुंतल्या तर आधी ‘स्ट्रिंग्ज’ ओरडणाऱ्याला जादा फटका. बी खाली पडली आणि मालकानं ‘नो स्टॅम्प्स’ म्हणायला उशीर केला, तर समोरच्याला ती पायाखाली चिरडायची मुभा. हे नियम गावागणिक बदलत, आणि भांडणं फटक्यांपेक्षा यांवरूनच जास्त होत.

मुख्य आरोप बंदीचा. ब्रिटनमध्ये सुरक्षेचे नियम पाळले जातात की नाही हे बघणारी संस्था म्हणजे हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह. १९७४च्या कायद्याखाली ती स्थापन झाली, आणि हा कायदा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा आहे. कॉन्करवर बंदी घालणारा किंवा गॉगल सक्तीचे करणारा एकही नियम तिनं काढलेला नाही. उलट सप्टेंबर २००७ मध्ये ‘या महिन्याचा गैरसमज’ म्हणून तिनं हाच विषय घेतला आणि स्पष्ट सांगितलं की कॉन्करमधला धोका अगदीच नगण्य, त्याची काळजी करत बसण्याचं कारण नाही. मुलं मुद्दाम एकमेकांच्या डोक्यात बिया मारत असतील तर तो शिस्तीचा प्रश्न, सुरक्षेचा नव्हे.

मग ही गोष्ट आली कुठून? २००४ मध्ये कार्लाइलजवळच्या एका प्राथमिक शाळेत मुलांना कॉन्कर खेळताना गॉगल दिले गेले आणि ती बातमी देशभर गाजली. काही शाळांनी आपापल्या आवारात हा खेळ बंद केला हेही खरं आहे. पण मुख्याध्यापकांनी आपल्या अखत्यारीत घेतलेला निर्णय आणि सरकारी बंदी यांत फरक आहे. शाळेचा निर्णय पालकसभेत प्रश्न विचारून बदलता येतो. ‘वरून बंदी आहे’ असं धरून बसलं की कुणी विचारायलाच जात नाही.

खेळ संपला म्हणणाऱ्यांना इंग्लंडमधला नॉर्थहॅम्प्टनशर परगणा दाखवावा. १९६५ मध्ये अ‍ॅश्टन या छोट्या गावात काही जणांची मासेमारीची सहल हवामानामुळे रद्द झाली, म्हणून त्यांनी कॉन्कर खेळले. त्यातून जागतिक स्पर्धा उभी राहिली. ती आता जवळच्या साउथविक गावात भरते, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी. बिया आणि नाड्या आयोजकच देतात, घरची बी चालत नाही. मुठीपासून बीपर्यंत किमान २० सेंटिमीटर नाडी मोकळी हवी. प्रत्येकानं आळीपाळीनं तीन-तीन फटके मारायचे.

घरची बी का चालत नाही, हे व्हिनेगर आणि भट्टीच्या सल्ल्याशी जोडलेलं आहे. बी कडक करण्याची खटपट तिथं फसवणूक धरली जाते. बरं, त्या सल्ल्यात अर्धंच तथ्य आहे. बी कडक होते ती वाळल्यामुळे. भट्टीत ती फार भरभर वाळते, आतला गर आक्रसतो, सालीला बारीक चिरा जातात आणि पहिल्याच जोरदार फटक्याला तिचे तुकडे होतात. वर्षभर अंधाऱ्या कपाटात सावकाश वाळवलेली बी कितीतरी भरवशाची. खरी निवड तर त्याआधीच होते: बिया पाण्यात टाका. तरंगणारी बहुधा आतून किडलेली किंवा पोकळ असते, ती फेकून द्या. तळाशी बसलेल्यांतून गोलसर, डाग नसलेली घ्या. भोक पाडताना सामता (हातानं फिरवायचं गिरमिट) दाबू नका, हलक्या हातानं फिरवत न्या. बी तळहातावर धरू नका, लाकडाच्या फळीवर ठेवा. भोक बरोबर मधून आणि जेमतेम नाडी जाईल एवढंच हवं. भोकाच्या कडेला टवका उडाला की बी तिथूनच दुभंगते. बहुतेक सामने फटक्यावर नाही, या भोकावर हरले जातात.

महायुद्धाच्या गोष्टीत मात्र खरा इतिहास आहे, फक्त शेवट बदललेला आहे. कॉर्डाइट हा तोफगोळ्यांसाठीचा दारूचा प्रकार बनवायला अ‍ॅसिटोन लागे. रसायनशास्त्रज्ञ चाइम वाइझमन (पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष) यांनी मक्यातल्या पिष्टाचं जिवाणूंकडून किण्वन करून अ‍ॅसिटोन काढण्याची पद्धत शोधली होती. जर्मन पाणबुड्यांमुळे १९१७ मध्ये धान्याची आयात अडचणीत आली, तेव्हा पिष्टासाठी कॉन्करकडे मोर्चा वळला. त्या शरद ऋतूत शाळांच्या वर्गांत सूचना लागल्या: एका हंड्रेडवेटला, म्हणजे सुमारे ५१ किलोंना, साडेसात शिलिंग. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं. मुलांनी इतक्या बिया वेचल्या की वाहतूक कोलमडली आणि रेल्वे स्थानकांवर ढीग कुजत पडले. सुमारे ३,००० टन माल नॉरफोकमधल्या किंग्ज लिन इथल्या कारखान्यात पोचला. तिथं उत्पादन सुरू झालं एप्रिल १९१८ मध्ये. पण या बिया त्या कामाला फारशा योग्य नव्हत्या, आणि जुलैमध्ये कारखाना बंद झाला. युद्ध या बियांनी जिंकलं नाही. पोती भरणाऱ्या मुलांच्या कष्टांचं मोल त्यानं तसूभरही कमी होत नाही.

या मजकुरासोबत कधी कधी भाजून खायच्या चेस्टनटचं छायाचित्र असतं, ते धोक्याचं आहे. कॉन्कर विषारी असतो, उलट्या होतात. हिरव्या टरफलावर जाड, विरळ, आखूड काटे आणि आत टोक नसलेली गोल बी असेल तर तो कॉन्कर. साळिंदरासारखे दाट, केसाएवढे बारीक काटे आणि बीला झुपकेदार टोक असेल तर तो खायचा गोड चेस्टनट. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मुलांना हा फरक हातात देऊन दाखवावा.

आणि आता ते दुखणं, ज्याबद्दल हा मजकूर अवाक्षर काढत नाही. झाडच आजारी आहे. पानं पोखरणारा एक चिमुकला पतंग २००२ मध्ये लंडनच्या विम्बल्डनमध्ये प्रथम आढळला आणि तिथून पसरला. त्याच्या अळ्या पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खातात. ऑगस्टमध्येच झाड करपल्यासारखं तपकिरी दिसतं, बिया बारीक राहतात. दुसरा रोग खोडाचा: सालीतून गंजाच्या रंगाचा चिकट स्राव गळतो. त्याच्या जिवाणूची सर्वांत जुनी नोंद भारतातली आहे, हिमालयातल्या पांगर या भाऊबंद झाडाच्या पानांवरची (आपला पांगारा वेगळा). २०१९ मध्ये युरोपच्या धोक्यातल्या झाडांच्या यादीत हॉर्स चेस्टनटची नोंद झाली.

खोडाच्या रोगावर खात्रीचा इलाज नाही. पतंगाचं मात्र करता येतं. त्याचे कोश हिवाळाभर गळलेल्या पानांत राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाडाखालची सगळी पानं उचला. घरचं खत करणार असाल तर ढिगावर मातीचा जाड थर द्या, नाहीतर वसंतात पतंग त्यातूनच बाहेर पडतात. पान उजेडासमोर धरलं की पोखरलेले पट्टे अर्धपारदर्शक दिसतात, आणि त्यांत काही हलताना दिसलं तर अळी अजून आत आहे.