‘सट्टा’ म्हणणाऱ्या खानापूरच्या वाचकांस

नमस्कार.

‘बँकांनी सरकारी रोख्यांचे वायदे वापरायला हवेत’ या माझ्या लेखावर (रोखा म्हणजे सरकारला दिलेलं कर्ज, वायदा म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच भाव ठरवून करणं) तुम्ही लिहिलंत: “निवृत्तीनंतर वेळ जात नसेल तर किल्ल्याभोवती फिरून या. वायदा म्हणजे सट्टा, ठेवीदारांच्या पैशांवर तो नको. त्या बाजारात घेणारा तरी कोण आहे? आणि 2009 चा वायदा रोखीने मिटत नव्हता.”

शेवटचं आधी. तुमचं बरोबर. 2009 च्या वायद्यात प्रत्यक्ष रोखे द्यावे लागत. रोखीने हिशेब मिटवणं, म्हणजे फक्त भावातला फरक देणं-घेणं, 2014 पासूनचं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता किल्ला. रोज पहाटे जातो ओ मी, तुमच्या परवानगीशिवाय. बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली चार मुंबईला, गुंतवणूक विभागात. माणसाला न ओळखता त्याचा वेळ जातो की नाही हे ठरवायची ही कुठली रीत? माझ्या वयाचा नाही, निदान लिहिण्याच्या कष्टांचा तरी मान ठेवायचा होता.

सट्टा म्हणे! माझे वडील शहापुरात हातमागावर लुगडी विणायचे. एका वर्षी लुगड्यांचा भाव आधी ठरवून बसले आणि सूत महागलं. सगळा हंगाम फुकट राबले. पुढच्या वर्षापासून ऑर्डर घेतली, की त्याच दिवशी सुताचा भाव व्यापाऱ्याशी बांधून घ्यायचे. सट्टा कुठल्या वर्षी झाला, पहिल्या की दुसऱ्या?

बँकेचंही तेच. व्याजदर चढला, की हातातल्या जुन्या रोख्यांचा भाव पडतो. दहा वर्षांच्या आसपासचे 100 कोटींचे रोखे आहेत आणि व्याजदर एक टक्क्याने चढला, तर साधारण सात कोटी गेले. दोन लाखांचा एक, असे पाच हजार वायदे आधीच्या चढ्या भावाने विकून ठेवले असते, तर तिकडचा बराचसा तोटा इकडे भरून निघाला असता. 2017-18 मध्ये रोख्यांचे भाव रोज उतरत होते, तेव्हा आमच्या विभागाने एकही वायदा विकला नव्हता. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी बँकांना जाहीर भाषणात सुनावलं, की व्याजदराची जोखीम तुमची तुम्ही सांभाळा. तरी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेकडून तोटा चार तिमाहींत वाटून दाखवायची सवलत मिळालीच. त्या दिवशी आमच्या साहेबांनी पेढे वाटले. मी खाल्ला नाही. (खरं सांगायचं तर अर्धा खाल्ला.)

वायदे घेणारा कोण, हे बँका त्या बाजारात उतरल्या की आपोआप दिसेल. त्यावर इथे शब्द खर्च करत नाही.

आणि ठेवीदारांची काळजी तुम्हाला एकट्यालाच आहे असं समजू नका. माझी निवृत्तीची सगळी रक्कम त्याच बँकेत ठेव म्हणून पडून आहे.