तीन चौकटी, एक वाघ आणि पुढे ढकललेला उपदेश

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा सकाळी, टँकर किती वाजता येणार ही सूचना आणि कुणाचं तरी 'सुप्रभात'चं फूल यांच्या मधोमध, एक लांबलचक मजकूर येऊन पडला. दुपारी तोच शाळेच्या ग्रुपवर, रात्री ऑफिसच्या. तीन दिवसांत पाच ठिकाणांहून आला. लिहिणाऱ्याचं नाव नाही. मथळा मात्र दणदणीत: 'कॉमिक्समध्ये जीवनाचा अर्थ शोधणाऱ्यांनो, मोठे व्हा!'

सार असं. कॉमिक्स पोरासोरांसाठी असतात. तीन चौकटींत तत्त्वज्ञान मावत नाही. अर्थबिर्थ चित्रकाराच्या मनातही नसतो, चाहते तो वरून चिकटवतात; आणि पुरावा हा की 'कॅल्विन आणि हॉब्ज' या अमेरिकन चित्रमालिकेच्या शेवटच्या स्ट्रिपमध्ये कॅल्विन नावाचा पोरगा डॉक्टरची गोळी घेतो आणि त्याचा वाघ (बाकीच्यांना खेळण्यातला, त्याला मात्र जिवंत) निर्जीव खेळणं होऊन पडतो, म्हणजे खुद्द चित्रकारानेच चाहत्यांना भानावर आणलं. आपल्या संतांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला, त्यावर कोट्या करणं ही परदेशी थेरं. आणि शेवटी, ही मंडळी खऱ्या आयुष्याला घाबरून चित्रांत लपतात. तळाशी 'पटलं तर पुढे पाठवा'. मला पटलं नाही.

आधी कबुली देऊन टाकतो: मी त्या शोधणाऱ्यांपैकीच. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात, तिथे आम्ही चार-पाच जण अधूनमधून रविवारी भेटतो. हाताला काळं लागेपर्यंत ढीग उपसायचे, मग उडप्याकडे फिल्टर कॉफी. कॉफीबरोबर एक खेळ चालतो. कुणीतरी प्रश्न टाकायचा: माणूस जन्माला का येतो, मेल्यावर पुढे काय, सुख म्हणजे नक्की किती. उत्तर कॉमिकमधल्या एखाद्या पात्राच्या तोंडून द्यायचं. बिल येईपर्यंत आजवर कुणी मोक्षाला पोचलेलं नाही, आणि तशी कुणाला घाईही दिसत नाही.

पोरासोरांचा मुद्दा लवकर उरकतो. कॉमिक स्ट्रिप वाढली ती वर्तमानपत्रात, आणि वर्तमानपत्र पोरं विकत घेत नाहीत. १८९५ पासून 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये रिचर्ड आउटकॉल्टचा लांब झग्यातला टकला पोरगा दिसू लागला. पुढे झग्याच्या रंगावरून तो 'यलो किड' म्हणून गाजला. पुलित्झर आणि हर्स्ट या दोन मालकांनी त्याच्यासाठी ओढाओढ केली ती खपासाठी, बालसंगोपनासाठी नव्हे. आपल्याकडे १९९१ साली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' 'सकाळ'मध्ये सुरू झाला, तेव्हा पुण्याच्या माझ्या आत्याकडे पेपर आधी कुणी उघडायचा यावरून रोज भांडण व्हायचं. पोरांत नाही. आत्या आणि तिच्या सासऱ्यांत.

तीन चौकटींत मावत नाही, हे मात्र वरवर खरं वाटतं. अमेरिकन चित्रकार चार्ल्स शुल्झच्या 'पीनट्स'चं उदाहरण घेऊ. (हे नाव शुल्झला कधीच आवडलं नाही, वितरण करणाऱ्या कंपनीने ते त्याच्या गळ्यात मारलं. शेंगदाणे, म्हणजे किरकोळ माल. आमच्या लोकलमध्ये शेंगदाणेवाला 'टाइमपास, टाइमपास' करत डब्यात शिरतो, तेव्हा मला दर वेळी वाटतं की त्या कंपनीला सेंट्रल लाइनवर कुणीतरी आणायला हवं होतं.) २ ऑक्टोबर १९५० ला ती मालिका सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० ला शेवटची स्ट्रिप छापून आली, आदल्या रात्रीच शुल्झ गेला होता. एकूण १७,८९७ स्ट्रिप, सगळ्या त्याच्या एकट्याच्या हातच्या.

आता त्यातला एकच प्रसंग बघा. लूसी नावाची पोरगी बॉल धरते, चार्ली ब्राउन हा पोरगा त्याला लाथ मारायला धावत येतो, ती ऐन वेळी बॉल काढून घेते, तो पाठीवर आपटतो. मजा एवढीच. पण हे जवळजवळ दरवर्षी, पिढ्यानपिढ्या. दर वर्षी लूसी नवं कारण देऊन त्याला पटवते आणि दर वर्षी त्याला पटतं. एक चौकट बघितलीत तर पोरकटपणा. चाळीसएक वर्षं बघितलीत तर हसता हसता घशात काहीतरी अडकतं, कारण आपणही दर वर्षी कुठल्या ना कुठल्या बॉलकडे धावतच असतो. माझा बॉल म्हणजे रेल्वेच्या रुळांसारखी सरळ चाललेली दिनचर्या. दर १ जानेवारीला धावतो. आणि खरी गंमत शेवटी आहे. १९९९ साली पुन्हा तोच प्रसंग येतो. या वेळी लूसीला आत जेवायला बोलावतात, ती बॉल धाकट्या भावाच्या हाती देऊन जाते. भाऊ परत आल्यावर ती विचारते, काय झालं? त्याने बॉल काढून घेतला, की चार्लीने खरंच लाथ मारली? तो म्हणतो, तुला कधीच कळणार नाही. वाचकालाही दाखवलेलं नाही. काही महिन्यांत मालिका संपली.

त्या एका स्ट्रिपवर आमच्या टेबलावर दोन कॉफ्या थंड झाल्या आहेत. एक पक्ष म्हणतो लाथ बसली. दुसरा म्हणतो नाही बसली, पण भाऊ दयाळू होता. आमच्यातला बँकेतून निवृत्त झालेला म्हणतो की लूसीच्या आयुष्याला पहिल्यांदा अर्थ आला, कारण आता तिला झोप लागणार नाही. तीन चौकटींत मावत नसेल तर हे सांडलं कुठून?

आता पुराव्याकडे. या मजकुरातली ही एकच गोष्ट तपासून बघता येण्यासारखी, आणि तीच खोटी. गोळी घेणाऱ्या कॅल्विनची स्ट्रिप बिल वॉटरसनची नाहीच. कुणा दुसऱ्याने त्याच्या चित्रांच्या धर्तीवर केलेली ती वर्षानुवर्षं 'शेवटची स्ट्रिप' म्हणून फिरते आहे. वॉटरसनने दहा वर्षं मालिका काढली, १८ नोव्हेंबर १९८५ ते ३१ डिसेंबर १९९५. खरी शेवटची स्ट्रिप रविवारची. रात्री बर्फ पडून सगळं पांढरं झालंय, सहा वर्षांचा पोरगा आणि त्याचा वाघ घसरगाडी घेऊन बाहेर पडलेत, सगळं कसं नवंकोरं झालंय असं बोलतात, आणि उतारावरून सुसाट निघतात. वाघ शेवटच्या चौकटीतही जिवंत. कुणीही कुणाला भानावर आणत नाही.

'चित्रकाराच्या मनात अर्थ नसतोच' हे तर या मालिकेबद्दल म्हणणं फारच धाडसाचं. वॉटरसन राज्यशास्त्र शिकलेला. पोराला नाव दिलं सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक जॉन कॅल्विनचं, वाघाला सतराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जचं. वाघ खरा की खोटा, यावर त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की तो वास्तवाच्या दोन बाजू दाखवतो आणि ज्याची त्याला आपली बाजू पुरेपूर खरी वाटते. इतकं करूनही जेव्हा कॅल्विन थेट प्रश्न विचारतो तेव्हा काय होतं? आपण इथे का आहोत, असं तो विचारतो. वाघ सांगतो, चालत आलो म्हणून. तसं नाही, पृथ्वीवर का? पृथ्वीवर जगता येतं म्हणून. अरे, आपण मुळात आहोतच का? जन्मलो म्हणून. पोरगा वैतागून विषय सोडतो, वाघ आभार मानतो. दादर स्टेशनच्या पुलावर सकाळी साडेनऊला हा प्रश्न मनात आला तर याहून चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही: चालत आलो, आणि मागच्यांनी ढकललं.

पण चाहते अर्थ चिकटवतात, हे मात्र मान्य. बिनशर्त मान्य. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली मुंबईतूनच निघाली, टाइम्स समूहाने काढली, मराठीतही यायची. त्यातला मुखवटाधारी नायक वेताळ (इंग्रजीत फँटम) अमर आहे अशी जंगलात समजूत. वाचकाला आतली गोष्ट ठाऊक असते: बाप गेला की मुलगा तोच पोशाख आणि तोच मुखवटा चढवतो, आपण बघतो तो एकविसावा. लेखक ली फॉकच्या डोक्यात तेव्हा काय होतं ते असो, आमच्यातला बेस्टमधून निवृत्त झालेला गडी एका रविवारी म्हणाला, "म्हणजे अनुकंपा तत्त्वावर लागलेला."

झालं. दहा मिनिटं धुमाकूळ. कवटीगुहा म्हणजे स्टाफ क्वार्टर्स, लांडगा आणि घोडा म्हणजे डेड स्टॉकमध्ये नोंद, शिक्क्याची अंगठी म्हणजे ओळखपत्र. कुणीतरी विचारलं, पहिल्या वेताळाने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली तेव्हा पुढच्या वीस जणांची संमती घेतली होती का? हसू ओसरल्यावर तोच गडी बशीकडे बघत म्हणाला, "मी बाविसाव्या वर्षी वडिलांच्या जागी लागलो. पहिले दोन महिने शर्ट त्यांचाच होता, आईने बाजूने शिवून आत घेतलेला." ही गोष्ट तो आम्हाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगत होता. अर्थ वरून चिकटवलेला होता, यात वाद नाही.

संतांचा मुद्दा वाचला तेव्हा मात्र मी मोबाइल खाली ठेवला. इथे लिहिणाऱ्याने स्वतःच्याच घरात पाय घसरून घेतलाय. मुक्ताबाईचा तो अभंग आठवा, 'मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी'. पुढे वांझेला पोर होतं, विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पायांवर डोकं ठेवतो, माशी विते आणि तिची घार होते. तेराव्या शतकातली ही मोजून चार कडवी. डोळे मिटून एकेका कडव्याभोवती चौकट आखा, फुगे काढायचीही गरज नाही. आणि शेवट कशावर? उपदेशावर नाही. 'देखोनि मुक्ताई हासली'. जगण्याचं कोडं समोर ठेवून बाई हसते आणि निघून जाते. विद्वान त्या मुंगीचा अर्थ लावत बसलेत, लावोत बापडे. पण हसणं तिनेच लिहून ठेवलंय, चाहत्यांनी चिकटवलेलं नाही.

एकनाथांचं विंचवाचं भारूड घ्या. काम-क्रोधाचा विंचू चावतो आणि माणूस थयथयाट करतो. भारूड करणारा नीट असला तर तो कपडे झटकत असा काही नाचतो की पहिल्या रांगेतल्या आज्या पदर तोंडाला लावतात. तिथे कुणी उठून 'या प्रश्नाचा अपमान होतोय' असं ओरडलेलं ऐकिवात नाही. आणि परदेशीच म्हणायचं तर याच मुंबईत, 'टाइम्स ऑफ इंडिया'त, १९५१ पासून आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीचा कोट घातलेला कॉमन मॅन उभा होता. त्याला तीन चौकटीही लागल्या नाहीत, एक पुरली. आजूबाजूला मंत्री-संत्री सगळे बोलतायत, आणि हा एकटा काही न बोलता बघतोय. आज वरळी सी फेसला त्याचा पुतळा आहे. समुद्राकडे बघत बसणाऱ्या इतर मुंबईकरांत तो फारसा वेगळा दिसत नाही.

राहिला शेवटचा आरोप, लपण्याचा. लपणारे असतील. आमच्यातही एकजण आहे जो घरी पाहुणे आले की कपाटातली कॉमिक्स विषयवार लावायला घेतो. पण सगळ्यांना एका दोरीत बांधण्याआधी हे ऐका.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या सर्वांत धाकट्याच्या वडिलांना परळच्या एका रुग्णालयात तपासण्यांसाठी वारंवार न्यावं लागायचं. पहाटे निघायचं, टोकन घ्यायचं, भिंतीवरच्या लाल आकड्यांकडे बघत बसायचं. आजार साधा नव्हता आणि ते दोघांनाही माहीत होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. एका सकाळी त्याने ग्रुपवर फोटो टाकला. टोकनच्या पाठकोऱ्या बाजूला बॉलपेनने काढलेल्या तीन चौकटी. पहिलीत बाकावर दोन माणसं, वर आकडा ८५, एकाच्या हातात ८६ चं टोकन. दुसरीत तो शेजाऱ्याकडे वळून विचारतोय, "जीवनाचा अर्थ काय हो?" तिसरीत दोघंही विचारात गढलेले, हनुवटीला हात, आणि वर आकडा ८७.

आम्ही सगळ्यांनी हसण्याच्या चेहऱ्यांची रांग लावली. नंतर कळलं की त्याने तो कागद वडिलांनाही दाखवला होता. त्यांनी चष्मा वर करून तीनही चौकटी नीट बघितल्या, कागद उलटा करून छापील आकडा बघितला, मग भिंतीकडे बघितलं.

"अरे," ते म्हणाले, "गेला की आपला नंबर."

खरंच गेला होता. परत रांगेत उभं राहावं लागलं.