डब्ल्यूएसएमची फिरती जन्मकथा आणि तिच्यातून गाळलेला माणूस

अमेरिकी कंट्री संगीताच्या चाहत्यांमध्ये नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओ केंद्राची एक जन्मकथा पुनःपुन्हा पुढे पाठवली जाते. थोडक्यात ती अशी: टेनेसीतल्या साध्या खेडुतांनी १९२५ मध्ये आपल्या गाण्यांसाठी हे केंद्र काढलं. जगातलं ते पहिलं कंट्री केंद्र. पहिल्या दिवसापासून तिथे कंट्रीच वाजलं आणि गोऱ्या शेतकऱ्यांचं हे संगीत तिथे कसल्याही भेसळीविना टिकलं. संगीताचं माहेर नॅशव्हिल होतं, म्हणून केंद्रही तिथेच आलं.

यातलं साल बरोबर आहे. बाकी जवळपास प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि ‘गोऱ्यांचं संगीत’ हे विधान तर एका मोठ्या कलाकाराला दुसऱ्यांदा हाकलून देणारं आहे.

केंद्र काढलं ते विमा कंपनीने. ‘नॅशनल लाइफ अँड अ‍ॅक्सिडेंट इन्शुरन्स’ ही नॅशव्हिलची कंपनी. तिच्या प्रमुखाचा मुलगा एडविन क्रेग याने रेडिओचा आग्रह धरला आणि ५ ऑक्टोबर १९२५ रोजी प्रसारण सुरू झालं. डब्ल्यूएसएम ही अक्षरं कंपनीच्या ‘वी शील्ड मिलियन्स’ (आम्ही लाखोंचं रक्षण करतो) या घोषवाक्यातून आली. कंपनी कष्टकऱ्यांना आजारपणाच्या आणि अपघाताच्या छोट्या पॉलिसी विकायची. एजंट दर आठवड्याला दारोदार फिरून किरकोळ हप्ते गोळा करायचे. केंद्रावरचा शनिवार रात्रीचा कंट्री संगीताचा कार्यक्रम लोकप्रिय झाल्यावर त्याचं नाव सांगितलं की याच एजंटांसाठी दार उघडायचं. मला यात काही कमीपणा वाटत नाही, पण जाहिरातीसाठी काढलेल्या केंद्राला लोकचळवळ म्हणू नये.

वादक साधे खेडूत होते, हेही अर्धंच खरं. सुरुवातीच्या गाजलेल्या वाद्यवृंदाचे प्रमुख हम्फ्री बेट हे चक्क डॉक्टर होते. जॉर्ज हे हा निवेदक नोव्हेंबर १९२५ मध्ये शिकागोहून आला आणि त्याने पुढे वाद्यवृंदांना ‘पॉसम हंटर्स’, ‘फ्रूट जार ड्रिंकर्स’ अशी गावरान नावं दिली. आधी कोट-टाय घालून वाजवणाऱ्या माणसांना छायाचित्रांसाठी शेतातले कपडे घालायला लावले. लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते ‘अस्सल’ रूप असं घडवलेलं आहे.

पहिलं केंद्र? नाही. अटलांटाच्या डब्ल्यूएसबीवर फिडलिन जॉन कार्सन हा फिडल (व्हायोलिन) वादक १९२२ मध्येच वाजवून गेला होता. फोर्ट वर्थच्या डब्ल्यूबीएपीने जानेवारी १९२३ मध्ये तशाच नाचगाण्यांचा कार्यक्रम केला. शिकागोच्या डब्ल्यूएलएसवर ‘नॅशनल बार्न डान्स’ एप्रिल १९२४ मध्ये सुरू झाला. जॉर्ज हे तिथलाच निवेदक होता, तीच कल्पना तो नॅशव्हिलला घेऊन आला.

आणि ‘फक्त कंट्री’ तर अजिबात नाही. डब्ल्यूएसएमवर आठवडाभर नृत्यसंगीताचे ऑर्केस्ट्रा, अभिजात संगीत आणि एनबीसी या देशव्यापी रेडिओ जाळ्याचे कार्यक्रम असायचे. फ्रान्सिस क्रेगचा वाद्यवृंद ही केंद्राची शान होती. पुढे गाजलेली गायिका डायना शोअर विद्यार्थिदशेत इथेच गायली. कंट्रीला होती ती शनिवारची रात्र. स्वतःला ‘दक्षिणेचं अथेन्स’ म्हणवणाऱ्या शहरातल्या प्रतिष्ठितांना तीही खपत नव्हती. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी ७७ वर्षांचे अंकल जिमी थॉम्प्सन मायक्रोफोनसमोर बसून तासभर फिडल वाजवत राहिले, श्रोत्यांचा प्रतिसाद आला आणि कार्यक्रम टिकला. पूर्णवेळ कंट्री केंद्राचा मान बहुतेक वेळा टेक्सासमधल्या लबकच्या केडीएव्हीला दिला जातो, आणि ते १९५३ चं आहे.

आता ‘भेसळीविना’. या कार्यक्रमाला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव मिळालं त्या रात्रीची हकिगत खुद्द जॉर्ज हेने सांगून ठेवली आहे. १० डिसेंबर १९२७. आधीच्या तासाला एनबीसीवरून वॉल्टर डॅमरॉश यांचा अभिजात संगीताचा कार्यक्रम झाला होता आणि त्यात आगगाडीचं वर्णन करणारी एक रचना होती. जॉर्ज हेने उत्तर म्हणून माउथ ऑर्गनवर धावती आगगाडी उभी करणाऱ्या वादकाला पुढे केलं. त्याने ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ वाजवलं. मग जॉर्ज हे म्हणाला, आतापर्यंत ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ग्रँड ओल ऑप्री ऐका. ‘ऑप्री’ म्हणजे ‘ऑपेरा’चाच गावरान उच्चार.

तो वादक होता डिफोर्ड बेली. कृष्णवर्णीय. टेनेसीचाच, जन्म १८९९ चा, लहानपणी पोलिओ झालेला, चणीने अगदी छोटा. आपल्या घरात पिढ्यांपासून चालत आलेल्या संगीताला तो ‘ब्लॅक हिलबिली’, म्हणजे कृष्णवर्णीयांचं गावरान संगीत, म्हणायचा. १९२८ मध्ये ऑप्रीवर त्याच्याइतक्या वेळा दुसरं कोणी क्वचितच वाजवलं असेल. त्याच वर्षी व्हिक्टर कंपनीने नॅशव्हिलमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणांत तो होता. रॉय अकफसारखे नवे गायक लोकांना माहीत नव्हते, तेव्हा दौऱ्यांवर गर्दी खेचायला बेलीचं नाव लावलं जायचं. त्याच दौऱ्यांवर त्याला हॉटेलात खोली मिळायची नाही, सोबतच्यांबरोबर बसून जेवता यायचं नाही.

१९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. तेव्हा रेडिओ केंद्रांचा एएससीएपी या हक्कसंस्थेशी स्वामित्वधनावरून वाद चालू होता आणि बेलीच्या लोकप्रिय धुना तिच्याकडे नोंदलेल्या असल्याने प्रसारणातून बंद झाल्या. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. जॉर्ज हेने चार वर्षांनी छापून ठेवलं की बेली आळशी होता, आणि तिथे त्याच्या वंशाचा उल्लेख केला. ज्याच्या वादनावर कार्यक्रमाचं बारसं झालं, त्याच्याबद्दलचे हे शब्द वाचताना आजही संताप येतो. बेलीने पुढची कित्येक वर्षं नॅशव्हिलमध्ये बूट-पॉलिशचं दुकान चालवलं. तो १९८२ मध्ये वारला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं ते २००५ मध्ये. मधल्या काळात ऑप्रीच्या मंचावर कृष्णवर्णीय गायक म्हणून चार्ली प्राइड उभा राहिला, तेव्हा १९६७ साल उजाडलं होतं.

राहिला नॅशव्हिलचा मुद्दा. तिथे कार्यकारणच उलटं आहे. १९३२ मध्ये डब्ल्यूएसएमची शक्ती ५० हजार वॉट झाली आणि नॅशव्हिलजवळच्या ब्रेंटवुडला आठशे फुटांहून उंच मनोरा उभा राहिला. ६५० किलोहर्ट्झवर रात्री दुसऱ्या केंद्राची अडचण नसे, त्यामुळे अंधार पडला की अर्ध्या अमेरिकेत नॅशव्हिल ऐकू यायचं. तिथे वाजवायचं तर जवळपास दर शनिवारी हजर राहावं लागे, म्हणून कलाकार गावातच घरं करू लागले. कलाकार आले, तेव्हा केंद्राच्याच तीन अभियंत्यांनी १९४० च्या दशकात कॅसल नावाचा स्टुडिओ काढला. कंट्रीचा नामवंत गायक हँक विल्यम्स याची कित्येक गाणी तिथली. आणि नॅशव्हिलला ‘म्युझिक सिटी’ म्हणायला सुरुवात झाली ती १९५० मध्ये, डब्ल्यूएसएमच्याच डेव्हिड कॉब या निवेदकाच्या तोंडून.