विहिरीत ढकललं की भीती जाते का? (उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या)

दादा, माझ्या पोहायला शिकण्याच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. "आमच्याकडं पोराला विहिरीत ढकलतात, आठ दिवसांत पोहतंय. तुम्हा शहरातल्यांना चार महिने कोच लागतो आणि वर कम्फर्ट झोन सोडला म्हणून लेख पण लागतो." यातलं दुसरं वाक्य मान्य. ते टायटल माझंच आणि आता वाचताना मलाच कसंतरी होतंय. त्रेचाळिसाव्या वर्षी नगरपालिकेच्या तलावात छातीभर पाण्यात उभं राहून नाकाने बुडबुडे काढणाऱ्या बाईने एवढा गाजावाजा करायला नको होता.

पण ढकलायचं काही पटलं नाही, कारण मी ढकललेलीच आहे. नऊ वर्षांची होते, मे महिना, आजोळची विहीर, बाकीची पोरं धपाधप उड्या मारतायत आणि मी पायरीवर फ्रॉक धरून उभी, तर मामाने मागून दिलं ढकलून. लगेच उडी मारून काढलं पण त्यानेच, मिनिटभर पण गेलं नसेल. तो स्वतः तेव्हा जेमतेम विशीतला, त्याच्यावर राग नाही. पण पुढची चौतीस वर्षं मी डोक्यावरून तांब्या ओतताना श्वास रोखून धरलाय, गणपतीपुळ्याला घोट्याच्या वर पाण्यात गेले नाही, आणि मुलगा पोहायला उतरला की मी काठावर त्याचा टॉवेल पिळत बसायची, कोरडा टॉवेल.

आणि मला सांगा, आपल्याकडची पद्धत खरंच नुसतं ढकलायची होती का हो? पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचे, कमरेला दोर, दोराचं टोक वर कुणा मोठ्या माणसाच्या हातात. पोर हातपाय मारायला लागलं की दोर ढिला, मग डबा काढायचा. म्हणजे टप्पे होतेच की! गोष्ट सांगताना तेवढं ढकलल्याचं उरतं कारण त्यात मजा आहे. शिवाय सांगतात कोण, तर जे शिकले ते. माझ्यासारखे पायरीवरच राहिलेले चारचौघांत कशाला तोंड उघडतील.

1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स नावाच्या अमेरिकन बाईंनी पीटर नावाच्या पोरावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ते सशाला घाबरायचं. तर त्याला आवडीचं खायला देऊन बसवायचं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. शेवटी ते पोरगं त्याच सशाशी खेळायला लागलं. बाईंनी पहिल्याच दिवशी ससा मांडीवर टाकला असता तर काय झालं असतं ते मी सांगू शकते 😄

आमच्या कोच मॅडमनी पहिला आठवडा फक्त कठड्याचा बार धरून पाण्यात तोंड घालायला लावलं. बार कधी सोडायचा ते तुम्ही ठरवा म्हणाल्या, मी घाई करणार नाही. मला वाटतं माझं सगळं तिथंच सुटलं, बाकी टेक्निक नंतर. कारण घाबरलेला माणूस काय करतो, तर डोकं वर काढतो, डोकं वर गेलं की पाय खाली जातात, पाय खाली गेले की वाटतं बुडलो, मग अजून डोकं वर. श्वास भरून मान पाण्यात सैल सोडली की फुप्फुसातली हवाच उचलून धरते हे मला पुस्तकात कळत होतं, अंगाला कळायला एकवीस दिवस लागले. एकविसाव्या दिवशी तरंगले, चार-पाच सेकंद असेल, आणि बाहेर येऊन चेंजिंग रूममध्ये रडले. हे लेखात मुद्दाम लिहिलं नव्हतं.

फीचं म्हणाल तर बरोबर आहे, सकाळचा एक तास आणि हातात पैसे असणं हीच मुळात चैन आहे, ते मी लिहायला हवं होतं. आणि भीती गेली असं पण मी कुठं म्हटलं नाही, खोल बाजूला अजून बार सोडत नाही मी.

बाकी तुम्ही लिहिलंय तुमचे वडील तसेच शिकले. त्यांना एकदा विचाराच, पाठीवर डबा होता का, आणि किती दिवसांनी सोडला.