तोंडावरून भाडेकरू

मी तोंडावरून भाडेकरू वाटतो, हे मला वयाच्या 43 व्या वर्षी इंदूर महापालिकेच्या झोन ऑफिसात संपत्तिकराच्या खिडकीसमोर एका अनोळखी काकांनी सांगितलं. परवाची गोष्ट आहे, अजून घशाखाली उतरलेली नाही.

झालं असं की अन्नपूर्णा रोडच्या आतल्या एका गल्लीत आम्हाला घर आवडलं. ग्राउंड प्लस वन, दारात कण्हेर. मालक म्हणे टॅक्स एकदम क्लियर है भाईसाब, आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर रसीदेचा फोटो पाठवला, त्यात मालकाचा अंगठा आलेला आणि तो नेमका क्षेत्रफळाच्या रकान्यावर. बायको म्हणाली, अंगठ्याखाली काय आहे ते बघून ये. म्हणून हाफ डे टाकून गेलो.

लाइनीत माझ्यापुढे हे काका. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. माझ्या मोबाइलवर मराठी दिसलं असावं, कारण मागे वळून पहिला प्रश्न आला, "कुठले तुम्ही?" म्हटलं इंदूरचेच. "तसं नाही हो, मूळचे?" म्हटलं पणजोबांपासून इथेच, आता स्वतःचं घर बघतोय. यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आणि अजून भाड्यानं राहता? हां, वाटतंच. तोंडावरून कळतं."

आता यावर माणसाने काय बोलावं. मी हसलो. हीच माझी चूक. अपमान झाल्यावर हसणारा माणूस बघून भाडेकरूच वाटणार ना.

त्यांनी फाइल उघडली. 1981 पासूनच्या रसीदी, सगळ्या लॅमिनेट केलेल्या. म्हटलं लॅमिनेट कशाला? तर म्हणाले, "शाई उडते. माणूस उडाला तर चालतं, शाई उडता कामा नये." आणि मग एकेक रसीद पत्त्यांसारखी माझ्या हातात देत गेले, ही अमुक वर्षाची, हिच्यावर बाबूने नाव चुकवलं होतं, सहा चकरा मारल्या, ही बघा दुरुस्त केलेली. मी एका हाताने रसीदी धरतोय, दुसऱ्या हाताने माझी फाइल, आणि मागचा मनुष्य हेल्मेट माझ्या कमरेला टेकवून उभा.

काकांची एक खोड होती. माझ्याशी मराठीत बोलायचे आणि तेच वाक्य लगेच हिंदीतून लाइनीला ऐकवायचे. मी हळूच सांगितलं, 72 लाखांत ठरतंय. "72 लाख!" आणि मग मान वळवून, "भिया, ये साब बहत्तर लाख का मकान ले रिये हैं!" अख्खी लाइन माझ्याकडे बघायला लागली. तशी इंदुरात मराठीत गुपित सांगण्यात काही अर्थ नाहीच म्हणा, अर्ध्या लोकांना मराठी येतं आणि उरलेल्यांची बायको मराठी असते. पण निदान भाषांतर तरी नको. एकाने लोन किती विचारलं. हेल्मेटवाला म्हणाला, इतने में तो बायपास पे डुप्लेक्स आ जाता. मी काय तिथे सल्ला मागायला उभा होतो का.

खिडकी आली. बाबूने विचारलं, "आप मालिक हैं?" मी तोंड उघडायच्या आत काका, "नहीं नहीं, किरायेदार हैं, अभी खरीद रिये हैं." म्हणजे त्या घराचा भाडेकरू झालो मी. ते निस्तरण्यात पाच मिनिटं गेली. मग बाबूने खाता क्रमांक टाकला, स्क्रीन बघितली, मला बघितलं, परत स्क्रीन बघितली.

"इसमें तो खुला प्लॉट है. 600 स्क्वेअर फीट."

म्हटलं साहेब, त्याच्यावर दोन मजले आहेत, मी जिना चढून आलोय, वर संडासाची टाइल फुटलेली आहे ती सुद्धा बघितली. "रिकॉर्ड में नहीं है." काका आनंदाने जवळजवळ उडालेच. "म्हणजे तुम्ही प्लॉट विकत घेताय आणि घर फुकट!" मग अर्थातच हिंदीतून. लाइन हसली. 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला नंबर आमच्या शहराचा, ओला कचरा सुका कचरा झोपेतसुद्धा वेगळा करतो आम्ही, पण प्लॉट वेगळा आणि घर वेगळं हे काही अजून जमलेलं नाही.

मग काकांनी मला बाकावर बसवून शिकवणी घेतली, आणि खरं सांगायचं तर ती कामाची होती. बांधकाम किती, कसलं, कुठल्या भागात, त्यावरून वार्षिक भाडेमूल्य काढतात, म्हणजे हे घर भाड्यानं दिलं असतं तर वर्षाला किती आलं असतं ते, आणि कर त्याच्यावर. स्वतः राहत असाल तर 50 टक्के सूट. "म्हणजे काका," मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा हिशोबाने भाडेकरूच की, निम्म्या सवलतीतले." ते हसले नाहीत. दिवसभरात माझा हा एकच जोक होता.

"चेष्टा सोडा," म्हणाले. "थकबाकी माणसावर नसते, घरावर असते. मालक पैसे घेऊन सुनेकडे पुण्याला जाईल, नोटीस तुमच्या दाराला. अन् रसीद म्हणजे मालकी नव्हे, रजिस्ट्री बघा, नामांतरण, म्हणजे पालिकेच्या दप्तरात मालकाचं नाव चढलंय का, ते बघा, जलकराचा खाता वेगळा तोही बघा." मला घाम फुटला. एवढ्या वर्षांचा प्लॉट आणि घराच्या करातला फरक, वर थकल्याचा अधिभार. तर म्हणाले, लोक अदालतीपर्यंत थांबायचं, कर आणि अधिभार मिळून 50 हजारांच्या आत असेल तर अधिभार पूर्ण माफ, लाखापर्यंत निम्मा, वर गेला तर 25 टक्के.

आणि मग एकदम गप्प झाले. फाइल पिशवीत गुंडाळत म्हणाले, "मी दरवर्षी वेळेत भरतो. माझं आजपर्यंत कोणी काही माफ केलं नाही."

यावर काय बोलणार. मला मालकाचाच राग आला जास्त. बाहेर येऊन फोन लावला, तर म्हणे, "अरे भाईसाब वो तो कागज में है, मकान तो सामने खड़ा है ना?" मकान खरंच समोर उभं आहे. त्याचं मी काय करू? बँक कागदावर लोन देते, कण्हेरीवर नाही.

काकांना लिफ्ट हवी होती, लोकमान्य नगरला. वाटेत स्कूटरवर मागून सूचना, हळू, डावीकडे, हॉर्न कशाला वाजवता. घरासमोर उतरले, बंगला छानच होता, 1981 चा, रसीदीसकट. मी निघणार तेवढ्यात हँडल धरलं.

"वरचा मजला रिकामा आहे. मार्चपासून चांगला माणूस शोधतोय. तुमच्यासारखा." मग जरा थांबून, "कुत्रा नाही ना?"

म्हटलं, नाही. आणि मग, बायकोला अजून सांगितलेलं नाही, पण मी भाडं विचारलं.